परसदारी साप निघाला तर



आषाढ सरत आला आणि पैनगंगेकडे धावणारे ओढे भरून वाहू लागले, की हिमायतनगरच्या माझ्या दवाखान्यात तापा-खोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एक विचारणा सुरू होते. कुणी फोनवर विचारतो, कुणी रक्तदाब मोजून घेता घेता सहज विचारतो, ‘डॉक्टरसाब, परसात साप निघाला. काय करावं?’ विचारणारी माणसे बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेली असतात. मुले शेतावर किंवा पुण्या-हैदराबादेला, सुना स्वयंपाकात. परसातील जाई, कढीपत्ता आणि तुळस यांची देखभाल आजी-आजोबांकडेच असते. तेव्हा साप दिसतोही त्यांनाच. म्हणून या वेळचे लेखन त्यांच्यासाठी, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी.

प्रथम एक प्रसंग सांगतो. त्यात माझीच चूक होता होता राहिली.

काही वर्षांपूर्वी श्रावणातील एका पहाटे पाचच्या सुमारास सत्तरीच्या एका आजींना घेऊन त्यांचा मुलगा व सून आले. रात्री दोनपासून पोटात दुखत होते, एक उलटी झाली होती, घसा आवळल्यासारखा वाटत होता. आदल्या दिवशी उपवास होता. साबुदाणा आणि शेंगदाणे भरपूर झाले होते. मी नाडी, रक्तदाब पाहिला. या वयात पोटदुखीच्या आड हृदयविकार दडलेला असतो, म्हणून हृदयाचा आलेख काढला. तो ठीक होता. आम्लपित्तावरील इंजेक्शन दिले आणि गोळ्या लिहून त्यांना घरी पाठवण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात सून म्हणाली, ‘बाकी काही नाही डॉक्टरसाब, पण आत्याबाईचे डोळे आज नीट उघडंनात बघा.’

मी लिहिणे थांबवले. आजींना छताकडे पाहायला सांगितले. बुबुळे किंचित वर गेली, पापण्या मात्र अर्ध्यावरच राहिल्या. बोलणे जड झाले होते. मी विचारले, ‘रात्री कुठे निजल्या होत्या?’ उत्तर आले, ‘पडवीत, चटईवर.’ पडवीच्या भिंतीला लागूनच चुलीसाठी तुराट्यांचा ढीग रचलेला होता. अंगभर शोधूनही दंशाची खूण सापडली नाही. सूज नाही, जखम नाही, वेदना नाही. तरीही मी ‘मण्यार’ असे गृहीत धरले. आजींना तातडीने शासकीय रुग्णालयात नेले, तिथे प्रतिविष सुरू झाले आणि रुग्णवाहिकेतून, फुग्याने श्वास देत, त्यांना नांदेडला हलवले. दीड-दोन तासांचा तो रस्ता मला आजही आठवतो. चार दिवस त्या कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर होत्या. पाचव्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, तो परसातल्या जाईला पाणी घातले का, हा.

तो साप कुणालाही, कधीही दिसला नाही.

हा प्रसंग आधी सांगण्याचे कारण आहे. सापाविषयी बोलताना आपले सारे लक्ष दिसलेल्या सापाकडे असते. फणा काढून बसलेला नाग सर्वांना दिसतो, त्याची चर्चा आठवडाभर चालते. वृद्धांच्या बाबतीत खरी काळजी न दिसलेल्या सापाची करावी लागते. दृष्टी मंद झालेली, मधुमेहाने तळपायांची संवेदना गेलेली, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावे लागणारे माणूस अंधारात कुठे पाय ठेवते आणि पहाटे फुलांसाठी कोणत्या पानांत हात घालते, यावर बरेच काही ठरते.

आता परसात साप दिसलाच तर. जिथे आहात तिथे थांबावे आणि सावकाश मागे सरावे. दहा-पंधरा फुटांवरून त्याच्यावर नजर ठेवावी व घरातील धडधाकट माणसाला हाक मारावी. साप माणसाच्या पाठीस लागत नाही. वाट मोकळी मिळाली की तो निघून जातो. बऱ्याचदा तो कुंपणाबाहेर गेला, एवढे पाहणे पुरेसे असते. तो अडगळीत शिरला किंवा घराकडे वळला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गावातील जाणत्या सर्पमित्राला फोन करावा. तोवर एकाने नजर हलवू नये, कारण ‘इथंच होता’ एवढ्या माहितीवर साप सापडत नाही. साप घरात आला असेल तर आधी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आणि लेकरांना बाहेर काढावे, आतल्या खोल्यांची दारे लावून फटींत जाड कापड कोंबावे व बाहेरचे दार उघडे ठेवावे. सर्पमित्र आल्यावर त्याला साप हातात धरून दाखवायचा आग्रह कृपा करून कुणी करू नये. त्याने साप सुरक्षित डब्यात भरावा आणि न्यावा. गळ्यात साप घालून छायाचित्रे काढणारा मनुष्य सर्पमित्र नव्हे.

साप मारू नये, हे मी केवळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांगत नाही, जरी तो गुन्हा आहेच. मी वैद्य म्हणून सांगतो. काठी उगारण्यासाठी सापाच्या जवळ जावे लागते, आणि जवळ गेल्यावरच तो चावतो. छाटलेले डोकेही काही काळ चावू शकते. दुसरे असे, की म्हाताऱ्या माणसाच्या हातातील काठी ही त्याचा तिसरा पाय असते. माझ्या एका वृद्ध रुग्णाने तीच काठी एका सापावर उगारली, ओल्या फरशीवरून तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने अंथरुणात गेले. साप धामण होता. बिनविषारी, उंदीर खाऊन धान्य वाचवणारा. आजोबा आजही हसत सांगतात, ‘चावला नाही, पण लंगडा करून गेला.’

काही आजी-आजोबांच्या मनात डूख धरण्याचे भय असते: एकाला मारले किंवा हुसकले, तर जोडीदार बदला घ्यायला येतो. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घ्यावा इतकी सापाची स्मरणशक्ती नसते. त्याच जागी पुन्हा साप दिसतो, कारण त्या जागी अजून उंदीर, बेडूक आणि अडगळ असते. तिथला उपाय मंत्राने होत नाही, खराट्याने होतो.

तेव्हा परसाकडे एकदा डोळसपणे पाहावे. आपल्या भागात तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचा साठा पावसाआधी घराच्या भिंतीलगत, पत्र्याखाली रचण्याची रीत आहे. सरपण कोरडे राहते, हातालगत असते, सारे खरे; पण उंदरांना, विंचवांना आणि सापांना तेवढेच सोयीचे असते. हा साठा घरापासून दूर, विटांवर फळ्या टाकून जमिनीपासून हातभर उंच रचावा. त्यातून काढताना आधी काठीने हलवावे, मग हात घालावा. जमिनीवर लोळणारे वेल वर बांधावेत. कुंड्या भिंतीला चिकटवून न ठेवता वीतभर अंतर सोडावे, म्हणजे मागचे दिसते. कोंबड्यांना टाकलेले दाणे, पाखरांसाठी ठेवलेली कणसे रात्री उचलावीत. दाण्यांवर उंदीर येतो आणि उंदरावर साप. न्हाणीच्या सांडपाण्याच्या नळाला जाळी हवी, दाराखालची फट रबरी पट्टीने किंवा लाकडी पट्टीने बुजलेली हवी.

याउलट अंगणात फिनेल, रॉकेल, डांबराच्या गोळ्या, लसणाचे पाणी किंवा कार्बोलिक आम्ल शिंपडून साप रोखले जातात, यावर विसंबू नये. कार्बोलिक आम्लाने तर हातापायांची त्वचा भाजते. नातवंडे असलेल्या घरात त्याची बाटलीच नको. सर्पगंधेचे रोप लावले की साप फिरकत नाही, हीदेखील समजूतच. सर्पगंधेचे खरे मोल वेगळे आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष त्या वनस्पतीकडे गेले. परसात ती जरूर लावावी, शोभते. मात्र तिच्या भरवशावर अंधारात अनवाणी जाऊ नये, आणि मुळी उगाळून घेण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये.

आता थोडे रात्रीविषयी, कारण मण्यार रात्री फिरते. जमिनीवर निजायची सवय असलेल्या वृद्धांना पावसाळ्याचे चार महिने तरी बाजेवर किंवा पलंगावर निजवावे. पलंग भिंतीपासून थोडा दूर असावा, चादर किंवा गोधडी जमिनीला टेकलेली नसावी. मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चांगल्या खोचाव्यात. नेपाळच्या तराई भागातील एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसून आले आहे. डासांपासूनचा बचाव तर आहेच. उशाशी विजेरी हवी आणि ती चालू आहे का, हे सुनेने किंवा नातवाने आठवड्यातून एकदा पाहावे. संडास परसात असेल तर तिथवरच्या वाटेवर दिवा लावावा. बंद चप्पल घालावी, घालण्यापूर्वी झटकावी, आणि चालताना काठी जमिनीवर आपटत जावे. सापाला आपल्यासारखे कान नसले तरी जमिनीची थरथर त्याला चांगली कळते.

याहूनही सोपी गोष्ट म्हणजे रात्री बाहेर जाण्याची वेळच कमी येऊ देणे. खाटेजवळ लघवीचे भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. रक्तदाबासाठी वा पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि ती संध्याकाळी घेतली जात असेल, तर ती सकाळी घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. माझ्या कित्येक रुग्णांच्या रात्रीच्या दोन फेऱ्या एवढ्याने वाचल्या.

आणि दंश झालाच तर? आपल्याकडे आढळणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात. माणसे दगावतात ती प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे. घोणशीला पैनगंगेपलीकडे विदर्भात परडही म्हणतात. ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते आणि वाळल्या पाचोळ्यात ओळखू येत नाही; अजगराचे पिल्लू समजून तिला उचलणारेही असतात. मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी कवड्या साप तर घराघरांत निघतो. हे भेद सर्पमित्रांसाठी ठेवावेत. संध्याकाळच्या उजेडात, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी, घाबरलेल्या माणसाने ‘बिनविषारीच होता’ असा निर्वाळा देऊ नये. सापाचे नाव कळले नाही म्हणून उपचार अडत नाहीत. घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारे आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून साप शोधण्यात, मारण्यात किंवा पिशवीत घालून रुग्णालयात आणण्यात एक मिनिटही घालवू नये.

दंश झालेल्या माणसाला आडवे करावे, धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढून घ्यावे. सूज आल्यावर ते निघत नाहीत. हाड मोडल्यावर करतो तसा तो हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. करकचून दोरी किंवा फडके आवळू नये. रक्तप्रवाह तुटून अवयव सडण्याची वेळ येते आणि दोरी एकदम सोडल्यावर विष वेगाने पसरते. एखाद्याने आधीच आवळली असेल तर ती घरी सोडू नये, रुग्णालयात डॉक्टरांना सोडू द्यावी. ब्लेडने कापणे, तोंडाने ओढणे, बर्फ लावणे, यांतले काही करू नये. चहा-पाणी पाजू नये. गिळण्याची ताकद गेलेली असेल तर ते श्वासनलिकेत जाते. उलटी होत असल्यास डाव्या कुशीवर निजवावे. १०८ ला फोन करावा, आणि दारात दुसरी गाडी उभी असेल तर तिचीही वाट पाहू नये, निघावे.

देवळात नेऊन लिंबाचा पाला चावायला देण्याची चाल आपल्या गावांत अजून आहे. पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढले, असे मानतात. याने काहीही ठरत नाही. मांत्रिकाकडे गेलेले अनेकजण बरे होतात, हेही खरे. कारण साप बिनविषारी असतो, किंवा विषारी असूनही त्याने विष सोडलेले नसते. तो माणूस घरी बसूनही बरा झाला असता. ज्याच्या अंगात विष खरोखर गेले आहे, त्याचे मोलाचे दोन तास मात्र तिथे जातात. श्रद्धेला माझा विरोध नाही. नवस बोलायचा असेल तर गाडीत बसून बोलावा. परमेश्वराच्या दर्शनाला बरे झाल्यावर पायी जाता येते.

वृद्ध रुग्णाबाबत दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. गोळीची माहिती नसेल तर चित्र अधिक गोंधळाचे होते. रुग्णालयात रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते का, हे पाहतात. साधी चाचणी आहे, पण पुष्कळ काही सांगते. घोणशीचे विष मूत्रपिंडांनाही इजा करते, तेव्हा ती आधीच अशक्त असतील तर तेही सांगावे. चालू गोळ्यांचा कागद घराच्या दारामागे चिकटवून ठेवावा, निघताना तो काढून न्यावा. प्रतिविषाची मात्रा वयावर किंवा वजनावर ठरत नाही. लहान मूल असो वा आजोबा, सापाने सोडलेले विष तेवढेच असते. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ‘घरीच येऊन इंजेक्शन द्या’ असा आग्रह डॉक्टरांना करू नये. आणि लक्षण दिसत नसले तरी एक दिवस-रात्र रुग्णालयात देखरेखीखाली राहावे.

काळजी घेणाऱ्यांनी एवढे मनाशी पक्के करावे: पावसाळ्यात जमिनीवर निजलेले माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, घसा आवळणे, पापण्या जड होणे किंवा बोबडे बोलणे यांपैकी काही घेऊन उठले, तर तो गॅस किंवा लकवाच असेल असे समजू नये. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही आणि त्याची खूणही सापडत नाही. विस्मृतीचा आजार असलेल्या वृद्धांना तर चावलेले सांगताही येत नाही. डॉक्टरांना ‘रात्री खाली निजले होते’ हे आपणहून सांगावे. त्या सुनेने डोळ्यांबद्दल बोलले नसते, तर मी लिहिलेल्या गोळ्या घेऊन ती मंडळी घरी गेली असती.

हा विषय थोडक्यांचा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाची गणना उपेक्षित आजारांत केली आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा आणला. आपल्या मराठवाड्याला या कामाची परंपरा आहे. विंचूदंशावरील संशोधनाने जगभर नाव झालेले आणि सर्पदंशावरही लिहिणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. आपल्याच जिल्ह्यात मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण बरे केले आहेत. मोठ्या शहराबाहेरही हा उपचार होतो, हे अशा डॉक्टरांनी दाखवून दिले. म्हणून दंश झाल्यावर थेट नांदेडचा रस्ता धरू नये. प्रतिविष असलेल्या सर्वांत जवळच्या शासकीय रुग्णालयात ते सुरू करून घ्यावे. पुढे न्यायचे की नाही, ते तिथले डॉक्टर ठरवतील. ते कुठे मिळते, हे पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या साध्या दिवशी जाऊन विचारून ठेवावे.

पूर्वीच्या आजींचे सांगायचे राहिले. त्या आता बाजेवर निजतात, मच्छरदाणीत. तुराट्या कुंपणाजवळ गेल्या आहेत. तक्रार एकच. देवाला पहाटेची, दव पडलेली फुले लागतात आणि डॉक्टरने उजाडेपर्यंत बाहेर जायला बंदी केली आहे. आम्ही बराच वाद घातला. शेवटी असे ठरले, की फुले त्याच तोडतील, पण उजाडल्यावर, चप्पल घालून, आधी काठीने वेल हलवून. देवाला अर्धा तास थांबायला त्या स्वतः सांगणार आहेत.